फितूर पाय

६ जानेवारी, सोमवार

डोळ्यांवर डबा बांधला आणि म्हणाली, "काका, आता तुम्ही गल्लीत आहात."

कसली गल्ली? मी परळच्या हॉस्पिटलात, दुसऱ्या माळ्यावर, फिजिओथेरपीच्या लांबलचक हॉलमध्ये उभा. दोन्ही पोटऱ्यांवर काड्यापेटीएवढी यंत्रं आवळलेली, कमरेला पट्टा, आणि तो पट्टा मागून धरून ही पोरगी. नम्रता मॅडम. असेल सव्वीस-सत्तावीसची. आणि डब्याच्या आतल्या पडद्यावर, डोळ्यांसमोर खरंच गल्ली! दोन्ही बाजूंना घरं, मध्ये हातगाडी, पाण्याचं डबकं, एक कुत्रा आडवा पडलेला. मान वळवली की दुकान दिसतं. कोपऱ्यावर मारुतीचं देऊळसुद्धा आहे.

डबक्यावरून पाय टाकायचा. हातगाडी आणि भिंत यांच्या मधून जायचं. दारातून आत शिरायचं, वळायचं, परत यायचं. माझे पाय जिथे जिथे जमिनीला चिकटतात त्या सगळ्या जागा बनवणाऱ्याने बरोब्बर हुडकून तिथे मांडल्यात. कोणी सांगितलं त्याला?

डबक्यासमोर उभाच राहिलो. डबकं खोटं आहे, खाली हॉलची फरशी आहे, सगळं ठाऊक. तरी पाय उचलेना. "घाई नाही काका," ती मागून म्हणत होती. घाई नाही म्हणे. घाम फुटला होता मला.

रोज एक पान लिहायचं आणि अक्षर मोठं काढायचं, हाही तिचाच हुकूम. या दुखण्यात अक्षर बारीक बारीक होत जातं. "मी वाचणार नाही, मनातलं लिहा." बरं. कोणीच वाचणार नाही तर लिहितो.

८ जानेवारी, बुधवार

चौतीस वर्षं टपाल वाटलं मी. लालबाग-परळच्या चाळी, चार-चार माळे, रोजचे बारा-पंधरा किलोमीटर सहज. पायांनी कधी कुरकुर केली नाही. आणि आता न्हाणीच्या दारात उभं राहून त्यांची विनवणी करायची, व्हा रे पुढे. नाही होत. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात तू कोण? पार्किन्सन. हात थरथरतात ते जगाला दिसतं. पाय फितूर झालेत ते मलाच माहीत.

नोव्हेंबरात भारतमाता नाक्यावर पडलो. कपाळाला चार टाके. तेव्हापासून एकट्याने खाली उतरायला बंदी. शनिवारी घोडपदेवला मॉरिसकडे कॅरम असायचा, तोही बंद. मॉरिस आणि मी टपालाच्या सॉर्टिंगला एकत्र होतो. त्याचे गुडघे गेलेत, तो माळा उतरू शकत नाही. मी गेलो तरच भेट. फोनवर दोघेही "काय मग, काय मग" करतो आणि ठेवून देतो.

पण उन्मेषने शब्द दिलाय. माझा मुलगा, ठाण्याला असतो, रविवारी येतो. म्हणाला, "बाबा, हे सहा आठवड्यांचं ट्रेनिंग नीट करा. शेवटी रिपोर्ट चांगला आला तर एकटे फिरा, घोडपदेवला जा, मी एक अक्षर बोलणार नाही." शांता तिथेच बसली होती. तीही म्हणाली, "ऐकलंत ना? मग करा मन लावून."

करतो. घोडपदेव, एकट्याने, पायी. बाकी मला काही नको.

१० जानेवारी, शुक्रवार

आज कुत्र्यावर पाय पडला. कुत्रा काही बोलला नाही. डब्यात नुसती घंटी वाजली.

१५ जानेवारी, बुधवार

नम्रता मॅडमला तिळगूळ दिला. म्हणाली, "काका, तुम्ही गोड बोलणार का आता?" परवा रागावलो होतो तिच्यावर. चुकलंच. पण त्या गल्लीत एकाही दारावर नंबर नाही, एकालाही पत्रपेटी नाही. कोण राहतं तिथे? मी म्हटलं, बनवणाऱ्याला सांगा, अशा गल्लीत टपाल परत जाईल.

तर तिने त्याचंच काम लावलं मला. चालता चालता तोंडाने काहीतरी म्हणायचं असतं, म्हणजे डोकं दुसरीकडे गुंतलं तरी पाय चालले पाहिजेत. बाकीचे शंभरातून सात-सात वजा करतात. मला म्हणाली, तुमच्या बिटातली, टपालाच्या वाटेवरची घरं ओळीने सांगा. पहिला माळा, सावंत, परब, रमाबाई तेली, कोपऱ्यातले गुरव. दुसरा माळा... आणि काय सांगू, डबकं कधी मागे पडलं कळलंच नाही. रमाबाई जाऊन वीस वर्षं झाली असतील. मनीऑर्डरची वाट बघत जिन्यातच बसायच्या.

शांता रोज बरोबर येते. टॅक्सीपर्यंत तिच्या दंडाला धरून चालतो. टॅक्सीने जातो, टॅक्सीने येतो. ती बाहेर बाकावर बसते. दुसऱ्या पेशंटच्या बायकांशी तिची गट्टी जमली आहे. कंटाळा येत नाही म्हणते.

२० जानेवारी, सोमवार

आज भानगड झाली.

नम्रता मॅडम म्हणाली, "काका, बाकी सगळीकडे सुधारणा आहे, पण देवळाजवळ तुम्ही हमखास गोठता. दरवेळी. तिथे तर अडथळाही नाही." गोठणं हा तिचा शब्द. दोन सेकंदांच्या वर थांबलं की पोटरीवरचं यंत्र एक गोठणं लिहून घेतं.

मी म्हटलं, मॅडम, गोठत नाही. नमस्कार करतो.

"कोणाला?"

कोणाला म्हणजे? मारुतीला. देवळावरून जायचं आणि हात न जोडता जायचं? चौतीस वर्षं टपालाची पिशवी खांद्यावर घेऊन केला, आता रिकाम्या हातांनी सोडू?

ती खालीच बसली हसत. मग शांताला आत बोलावून सांगितलं. शांता म्हणाली, "काय मेलं तरी! तो टीव्हीतला मारुती हो, त्याला कशाला?" मी म्हटलं, देवळातला तरी काय, दगडातलाच ना? तर दोघी आणखी हसल्या. शांताला एवढं हसताना मी पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं.

पण गंमत राहिली बाजूला. म्हणजे दोन आठवडे माझ्या नमस्कारांची यंत्राने फितुरीत नोंद केली. विचारलं, किती झाली एकूण? ती आकडे सांगत नाही. "शेवटी एकदम. रोज सांगितलं तर पेशंट आकड्यांच्याच मागे लागतात." देवळाजवळचे हाताने वेगळे मांडीन म्हणाली. विसरली नाही म्हणजे मिळवली.

२२ जानेवारी, बुधवार

मनातल्या मनात नमस्कार करून बघितला, न थांबता. पाच वेळा गेलो, तीनदा जमलं. दोनदा हात आपोआप वर.

२६ जानेवारी, रविवार

उन्मेष आला होता. त्याच्यासमोरच न्हाणीच्या दारात अडकलो. अकराची गोळी घ्यायला उशीर झाला होता, दुसरं काही नाही. पण त्याने बघितलं. "बघा बाबा," एवढंच म्हणाला.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज चाळीच्या गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. काठी नाही, शांता नाही. मध्ये कोणाची तरी बादली, कोणाच्या चपला, सायकल. समोर डोळ्यांनीच एक रेघ मारायची, श्वास घ्यायचा, वजन डावीकडे, उजवीकडे, आणि रेघेपलीकडे मोठं पाऊल. हे सगळं त्या डब्यात शिकलो. बादलीजवळ जरा घुटमळलो. सुटलो.

परत येऊन शांताला म्हटलं, बघितलंस? ती पोळ्या लाटत होती. "बघितलं," म्हणाली. "पडला असतात म्हणजे?" कौतुकाची ही तऱ्हा.

मॉरिसला फोन केला. म्हटलं, कॅरमची पावडर आणून ठेव, मार्चपासून येतो. म्हणाला, "दौलत, तू आधी ये, पावडर माझी बायको आणील."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचा दिवस. पहिल्या दिवसासारखं सगळं पुन्हा मोजलं, दहा मिनिटं. डबा नसताना आणि डबा घालून. नम्रता मॅडम म्हणाली, "छान काका, खूप छान." तिचे डोळे खोटं बोलणारे वाटत नाहीत.

रिपोर्टचं पाकीट माझ्याच हातात दिलं. फॉर्मवर नातेवाईक म्हणून उन्मेषचं नाव, म्हणून पाकिटावरही त्याचंच. "उघडून बघा हवं तर काका, तुमचाच आहे." मी म्हटलं, नाव ज्याचं, पाकीट त्याचं. चौतीस वर्षांत दुसऱ्याच्या नावाचं पाकीट मी उजेडाला धरूनसुद्धा बघितलेलं नाही. लग्न मोडल्याची पत्रं पोचवली, कोर्टाची पोचवली. आत काय आहे ते घेणाऱ्याच्या तोंडावर कळायचं, तेवढंच.

टॅक्सीत शांता म्हणाली, "बघू या का हो?" मी म्हटलं, खबरदार.

कपाटात ठेवलंय. रविवारी डिलिव्हरी.

१६ फेब्रुवारी, रविवार

संपलं.

उन्मेषने पाकीट फोडलं. दोन पानं, इंग्रजी, तक्ते. उभ्याउभ्याच वाचलं. मग "आई, जरा ये" म्हणून शांताला गॅलरीत घेऊन गेला. पाच-सात मिनिटं दोघं बाहेर. मी आत बसून त्याच्या तोंडाचा अंदाज घेतोय, आणि तो पाठमोरा. तेव्हाच कळायला हवं होतं.

आत आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, रिपोर्ट बरोबर नाही आला. बावीस वेळा गोठलात. एकट्याने खाली जायचं नाही. ठरलं होतं आपलं."

बावीस! दहा मिनिटांत बावीस वेळा. सहा आठवडे घाम गाळून बावीस. मग "छान काका" कशाला म्हणाली ती? पेशंट खूश होऊन घरी जावा म्हणून? लहान पोर समजली मला. नाहीतर त्या मारुतीनेच बुडवलं, हाताने वेगळे मांडायला विसरली असेल. नाहीतर हे पायच. तिच्यासमोर सरळ चालायचे आणि मोजताना आपल्या जातीवर जायचे.

शांता कोपऱ्यात वाटाणे सोलत बसली होती. मान वर केली नाही. तिलाही वाईट वाटलं असणार. बिचारीने सहा आठवडे बाकावर काढले.

ठरलं होतं, म्हणून ऐकून घेतलं. मॉरिसला काय सांगू?

१७ फेब्रुवारी, सोमवार

लिहायला काही नाही. अक्षर पुन्हा बारीक येतंय. येऊ दे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची मिरवणूक खालून गेली. ढोल, ताशे, भगवे फेटे घातलेल्या पोरी. सगळी चाळ खाली. मी वर, कठड्याला धरून. ताशावर माझे पाय जागच्या जागी ठेका धरत होते. लेकाचे! बावीस वेळा गोठणारे हेच का ते?

शांताही खाली गेली नाही. खुर्ची आणून माझ्या शेजारी बसली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी गेलो.

शांता बाजारात गेली होती. अकराची गोळी घेतली, पाऊण तास थांबलो, बूट घातले, निघालो. त्या पोरीला तोंडावर विचारायचं होतं. फोनवर नाही, तोंडावर. छान म्हणालीस ते कशाच्या जोरावर?

जिन्यात खालच्या माळ्यावरचे गंगाधर भेटले. "दौलतराव, एकटेच?" मी म्हटलं, तातडीचं टपाल आहे. हसले आणि बाजूला झाले. अजून तेवढी किंमत आहे.

करी रोडवरून परळपर्यंत. एके काळी वीस मिनिटं. फुटपाथवर दोन स्कूटर आडव्या, मध्ये हातभर फट. तिथे चिकटले पाय. मागून माणसं, "अंकल चलो, चलो ना." नोव्हेंबरात असाच पडलो होतो. डोळ्यांनी रेघ मारली. सावंत, परब, रमाबाई तेली, गुरव. डावीकडे, उजवीकडे, मोठं पाऊल. सुटले! भारतमातेला रस्ता ओलांडताना एका बाईच्या मागोमाग गेलो, तिला कळलंही नाही. सिग्नलला एकदा घुटमळलो. एका दुकानाच्या पायरीशी एकदा. बस. पन्नास मिनिटं लागली. हॉस्पिटलच्या गेटवर सलाम ठोकावा वाटला, पण कोणाला ठोकणार?

नम्रता मॅडम मला बघून उडालीच. "एकटे आलात? चालत?" आधी रागावली, मग पाणी दिलं. मी म्हटलं, बावीस. बावीस वेळा आणि तुम्ही मला छान म्हणता.

तिने कॉम्प्युटरवर पान काढलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "काका, बावीस सहा जानेवारीचे. हा पहिला रकाना. चौदा फेब्रुवारीचे हे बघा. पाच. त्यातले तीन मारुतीचे, ते खाली वेगळे लिहिलेत मी."

पाच. मारुतीचे तीन. म्हणजे उरले दोन.

"तुमच्या मुलाने वाचला नाही का नीट?"

वाचला. उभं राहून वाचला. पहिला रकाना मला वाचून दाखवला आणि दुसरा खिशात घातला.

ती म्हणत होती, आता घरात बसू नका काका, चालला नाहीत तर महिन्या-दोन महिन्यांत सगळं परत मागे जाईल. ऐकू येत होतं. मी त्या पाचाच्या आकड्याकडेच बघत होतो. मग तिने टॅक्सी बोलावून दिली.

घरी आलो. शांता दारात उभी, चेहरा पांढराफटक. कुठे गेला होतात विचारलं नाही. "वाढू का?" म्हणाली. मीही तिला काही सांगितलं नाही. आईला कशाला सांगायचं की तिचा मुलगा कसा निघाला?

२२ फेब्रुवारी, शनिवार

कॅरमचा वार. गेलो नाही. आधी उन्मेष.

सकाळपासून एकच डोक्यात. जगभराची पाकिटं पोचवली आणि माझं स्वतःचं पाकीट माझ्याच हाताने त्याला नेऊन दिलं. वर डिलिव्हरी म्हणून मिरवलो. दोन पानांवर पाच लिहिलेलं होतं. दोन दिवस कपाटात होतं. शांता बघू या म्हणाली, तर तिच्यावर खेकसलो. मूर्ख म्हातारा.

लहानपणी याला खांद्यावर घेऊन टपाल वाटलंय मी. शाळेला सुट्टी असली की बरोबर यायचा, "पत्र!" म्हणून ओरडायचा दारोदार. त्याने असं करावं? हातपाय धड नसलेल्या माणसाशी?

२३ फेब्रुवारी, रविवार

तोंडावर विचारलं. "किती वेळा गोठलो मी, उन्मेष? नीट सांग."

त्याने बुटाची लेस सोडायचं थांबवलं. "बावीस."

"कधीचे?"

लेस पुन्हा बांधत म्हणाला, "खोटं नाही बोललो मी. बावीस लिहिलेलं आहे त्यात."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. पस्तीस वर्षांत त्याला असं बोललो नव्हतो. आवाज बाहेर गेला असणार, गॅलरीत शेजाऱ्यांची कुजबूज ऐकू आली. तो ऐकून घेत होता. एकदाच म्हणाला, "मला वाटलं होतं तुम्ही पाकीट उघडून बघूनच माझ्याकडे द्याल. बघितलं असतंत तर बरं झालं असतं. मला हे बोलावंच लागलं नसतं."

म्हणजे माझा प्रामाणिकपणा नडला का? विचारलं. "शब्द देऊन फिरलास तू. का फिरलास तेवढं सांग. माझी काळजी म्हणू नकोस. काळजीवाला माणूस आकडा लपवत नाही."

"बाबा, मला आणखी बोलायला लावू नका." स्वयंपाकघराकडे बघत होता.

शांता चहा घेऊन आली. "पोराला इतकं बोलू नका हो," म्हणाली. मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस, हे माझ्या पायांचं आहे. तिने चहा ठेवला आणि आत गेली. उन्मेष चहा न घेता निघाला. जाताना माझ्या पाया पडायला वाकला, नेहमीसारखा. मी पाय मागे घेतले. पटकन, न अडखळता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी शांता म्हणाली, "उन्मेषला फोन करा. त्याचा काही दोष नाही. त्याला मी लावलं सांगायला."

का, विचारलं.

"लग्न झाल्यापासून तुम्ही दहा पावलं पुढे आणि मी मागे. हे सहा आठवडे माझ्या दंडाला धरून चाललात. त्या रविवारी गॅलरीत त्याने खरा आकडा सांगितला आणि वाटलं, झालं, हे निघाले पुन्हा." कपबशी पुसत होती, पुसून झालेलीच. "तुम्ही बरं व्हावं असंच वाटतं हो मला. एवढ्या लवकर नको होतं."